कोणी काय निवडायचं याची यादी

ती यादी माझ्याच अक्षरात होती, हे आधीच सांगून टाकते. गुरुजींनी फक्त मागितली होती.

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या जीपने मी रोज सकाळी पोशेऱ्याच्या अलीकडे एका पाड्यापाशी उतरायचे. तिथल्या शाळेत पहिली-दुसरीचा मिळून एकच वर्ग होता आणि एकच गुरुजी. एका संस्थेने मला वर्षभरासाठी त्यांच्या मदतीला दिलं होतं. सोबत दोन पेट्या साहित्य होतं: मण्यांच्या माळा, लाकडी पट्ट्या, पॉलिश पेपर कापून केलेली अक्षरं, पाणी ओतायचा एक जग आणि पेले. मुलाने आपल्याला हवं ते उचलायचं, चटईवर न्यायचं, मन भरेपर्यंत करायचं आणि जागेवर ठेवायचं. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. हे शेवटचं मला जमेल असं वाटलं होतं, कारण मी मुळात फार बोलतच नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे लघवीला जायचं तरी उभं राहून इंग्रजीत परवानगी मागावी लागायची. मला वाक्य येत होतं, पण उभं राहता यायचं नाही. मी शाळा सुटेपर्यंत तशीच बसायचे. मोठ्यांनी हो म्हणण्याची वाट न पाहता मुलं उठताहेत, हे मला पहिल्यांदा त्या पाड्यावर दिसलं, आणि पहिले काही दिवस मी नुसती ते बघत बसायचे.

त्यांच्यात सात वर्षांची एक मुलगी होती. घरी वेगळी बोली, त्यामुळे शाळेतलं मराठी तिला जड जायचं, आणि ती तीन महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण रोज आली की सरळ जगाकडे जायची. पाच पेल्यांवर मी लाल दोरा बांधला होता, तिथवर पाणी भरायचं. ती थेंबही न सांडता भरायची. एवढंच त्या कामात अपेक्षित होतं. पण ती पाचही पेले परत जगात ओतायची आणि वाकून बघायची, पाणी होतं तिथपर्यंत आलं का. आलेलं असायचं. तिचा विश्वास बसायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा तिने पाणी वाटीत ओतलं, वाटीतून पेल्यात, पेल्यातून जगात, आणि तरी ते तिथपर्यंतच आलं तेव्हा ती स्वतःशीच हसली. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी वहीत तारीख टाकून ते लिहून ठेवलं.

तिच्या शेजारची पोरगी एकदा मला म्हणाली, "ताई, घरी पाणी भरायचा न शाळेत पन पाणीच भरायचा? मंग शाळेत कशाला यायचा?" सगळी हसली. ही मात्र ओतत राहिली.

दिवाळीनंतर संस्थेचे पाहुणे येणार असं कळलं. त्यांना आवडलं तर वर्ग पुढच्या वर्षीही चालणार होता. गुरुजी माणूस वाईट नाहीत. पावसाळ्यात ओढा चढला की मुलांना स्वतः पलीकडे पोचवायचे. पण ते धास्तावले.

"मॅडम, पोरं स्वतंत्र आहेत हे चांगलंच आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर जरा कमी स्वतंत्र असू द्या."

"म्हणजे काय करायचं, सर?"

"कोणी काय निवडायचं, तेवढं लिहून काढा. सगळी एकाच माळेवर तुटून पडली तर कसं दिसेल?"

मी लिहून काढलं. त्या मुलीपुढे मी पाणी लिहिलं होतं. गुरुजींनी यादी वाचली आणि हसले.

"पाणी नको हो. इथल्या बाया रोज डोक्यावरून पाणी आणतात. पाहुण्यांना वाटेल टंचाई दाखवतोय. तिला अक्षरं द्या. अक्षरं बघितली की शिक्षण दिसतं."

तिची पाण्याची गोष्ट मला सांगता आली असती. वही पिशवीतच होती. मी पाणी खोडून अक्षरं लिहिलं.

दोन दिवस सराव झाला. "आता प्रत्येकाने आपल्या मनाने उठायचं," गुरुजी सांगायचे. "एका वेळी एक ओळ."

पाहुणे आले त्या दिवशी सगळे यादीप्रमाणे उठले. ती नाही. ती नेहमीसारखी जगाकडे गेली. तिने चार पेले भरले आणि पाचवा भरायला घेतला. दारातून गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी गेले, तिच्या हातातून जग काढून घेतला, तिला दंडाला धरून अक्षरांच्या चटईवर बसवलं आणि तिचं बोट त्या खरखरीत 'ग'वर ठेवलं. पाहुण्या बाईंनी वाकून विचारलं, "आवडतं का तुला हे?" तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, मग तिने डोलावली. त्यांनी फोटो काढला.

वर्ग पुढच्या वर्षीसाठी मंजूर झाला. शेजारच्या शाळेतून निरोप आला की तुमची यादी पाठवा, आम्हालाही पाहुणे येणार आहेत. गुरुजींनी फोटो काढून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"ताई, मी काय घेव?"

"तुला हवं ते घे."

ती तिथेच उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं. मग तिने जाऊन अक्षरं उचलली आणि एकावरून बोट फिरवलं, वर बघितलं, दुसऱ्यावरून फिरवलं, वर बघितलं. त्यानंतर रोज तेच. मी यादी सगळ्यांसमोर फाडली, त्याचा अर्थ कोणाला कळला नाही. एकदा मी मुद्दाम जग तिच्या चटईवर नेऊन ठेवला. तिने पाचही पेले लाल दोऱ्यापर्यंत भरले, हात मांडीवर घेतले आणि थांबली. परत ओतून बघितलं नाही. बरोबर झालं का, हे तिला आता माझ्याकडून हवं होतं.

परवा मी ठरवलं, काही सांगायचंच नाही. तिने 'काय घेव?' विचारलं तेव्हा मी फक्त हसले आणि तिच्याकडे पाठ करून माळा लावत बसले. मागे पावलांचा आवाज येईल म्हणून कान देऊन होते. मधली सुट्टी व्हायची वेळ आली. मागे वळून बघितलं तर ती गुडघे जवळ घेऊन भिंतीशी बसली होती. रडत नव्हती. शाळा सुटेपर्यंत ती तशी बसू शकेल, हे मला तिच्याकडे बघताक्षणी कळलं.

मला ते बघवेना. मी जगाकडे बोट दाखवलं. ती लगेच उठली.