न विचारणारा देश

नीउ-व्हेनेपमध्ये आमच्या घरांच्या रांगेत, अगदी टोकाच्या घरी, एक स्वीडिश बाई राहत असत. सत्तरीच्या, उंच, ताठ पाठीच्या. लग्न होऊन चाळीस वर्षांपूर्वी हॉलंडात आल्या आणि यजमान गेल्यावरही इथेच राहिल्या. माझ्या नवऱ्याला जवळच्या हूफडॉर्पमधल्या त्याच्या ऑफिसने विचारले, की उत्तर स्वीडनमधल्या एका गावी तीन वर्षांसाठी जाल का. त्याच आठवड्यात मी बाईंच्या दारावरची घंटा वाजवली आणि भाषा शिकवाल का, असे विचारले.

नवऱ्याने निर्णय माझ्यावर सोडला होता. "तू हो म्हणालीस तरच," तो म्हणाला. "नाहीतर मला जन्मभर ऐकावं लागेल, की तुझ्यापायी तिथे खोबरेल तेलासारखी थिजले."

मी हसले, पण माझी भीती थंडीची नव्हती. आमची मुलगी पाच वर्षांची होती. इथल्या शाळेत घातल्यावर पहिले तीन महिने ती वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. घरी येऊन माझ्या कुशीत डोके खुपसून बसायची; केसांना खडूचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. शेवटी तिच्या शिक्षिकेने मला शाळेच्या फाटकातच, इतर आयांसमोर, थांबवले. "तुमची मुलगी बोलत नाही. का? घरी काही बिघडलंय का?" त्या डच रोखठोकपणाने माझे कान तापले होते. पण त्या प्रश्नानंतरच सगळे हलले. शिक्षिका रोज दहा मिनिटे तिला शेजारी घेऊन बसू लागली, आणि एका दुपारी मुलगी डच भाषेत भांडत घरी आली. आता तिला पुन्हा एका नव्या भाषेच्या काठावर नेऊन उभे करायचे, की नाही?

दर मंगळवारी अकरा वाजता मी बाईंकडे जाई. दार उघडताच वेलदोड्याचा वास येई, कारण त्यांच्या गोड पावात तो सढळ हाताने घातलेला असे. त्या ओळखीच्या वासाने मला फसवले, असे आता वाटते. ज्या देशाच्या पावाला आपल्या शिऱ्याचा सुगंध आहे, तो किती परका असणार? त्यांची भाषा चढउतारांची होती; वाक्याच्या शेवटी स्वर पाण्यावरून घसरत जाणाऱ्या चकतीसारखे उडत. आणि बाई 'हो' शब्दाने म्हणतच नसत. ओठांचा चंबू करून झटकन श्वास आत ओढत, बस. पहिल्या दिवशी मला वाटले, यांना दमा आहे. "आमच्या उत्तरेत असंच," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी शब्द कशाला खर्चायचा?"

पुस्तकातून मी पावाचा भाव विचारायला शिकले, बसची वेळ विचारायला शिकले. त्या देशात माणसे एकमेकांना काय विचारतात, हे मात्र कोणत्याच धड्यात नव्हते.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली. भाऊबीज होऊन गेली, तरी तुळशीच्या लग्नापर्यंत दाराशी पणती लावण्याचा नेम मी सोडला नव्हता. शनिवारी संध्याकाळी मुलीला घेऊन उरलेले फराळाचे ताट द्यायला गेले, तर बाईंच्या मागच्या अंगणात, कालव्याच्या काठाशी, एक कंदील जळत होता. काचेच्या आत जाड मेणबत्ती, भोवती ओली पाने. मला भरून आले. यांच्याकडेही दिवे! बाईंना द्यायला आणलेल्या चार पणत्या मी पिशवीतून काढल्या, कंदिलाच्या शेजारी ओळीने मांडल्या आणि पेटवल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. बाई मागच्या दाराशी आल्या, तशी मी उत्साहाने म्हटले, "हॅपी दिवाळी!"

बाई अंगणात उतरल्या आणि त्यांनी कंदिलाकडे बोट दाखवले.

"हा माझ्या आईसाठी आहे," त्या म्हणाल्या. "आणि बहिणीसाठी. आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, आमच्याकडे सगळी दफनभूमी दिव्यांनी भरते. त्यांच्या कबरीपाशी लावायला तिथे आता कोणी उरलं नाही, म्हणून मी इथे लावते."

मेलेल्या माणसाजवळचा दिवा आणि लक्ष्मीचा दिवा यांची सरमिसळ आमच्याकडे मूलही करत नाही, आणि मी शोकाच्या शेजारी आरास मांडली होती. मी वाकून पणत्या विझवू लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"मला आधी विचारायला हवं होतं, बाई."

"तिथे असतीस तर तुला कुणी सांगितलंही नसतं. पाहिलं असतं आणि घरात गेले असते. रागाने नव्हे. दुसऱ्याच्या मनात न बोलावता शिरू नये, ही आमची सभ्यता."

मुलगी माझा कोट ओढून डचमध्ये विचारत होती, कोण मेलं? मी तिला गप्प केले, आणि जे खरे विचारायचे होते ते विचारले. "वर्गात एखादं मूल महिनोन् महिने बोललं नाही, तर? तेव्हाही कुणी विचारणार नाही?"

बाईंनी ओठांचा चंबू केला आणि झटकन श्वास आत ओढला.

रविवारी मी नवऱ्याला सांगितले, नाही म्हणून कळव. "नक्की?" त्याने विचारले. "थंडीचं कारण देऊ?" मी म्हटले, काहीही दे. सोमवारी त्याने कळवले. संध्याकाळी तो जेवताना नेहमीपेक्षा कमी बोलला, आणि ती जागा त्याला किती हवी होती, हे मला तेव्हा कळले.

मंगळवारी बाईंकडे गेले. आम्ही जाणार नाही, एवढेच सांगितले. त्यांनी कारण विचारले नाही. कॉफी ओतली, साखरेचे भांडे माझ्याकडे सरकवले, आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मी शाळेत होते, त्याला साठ वर्षं झाली. आता तिथल्या शाळा कशा आहेत, मला ठाऊक नाही. शनिवारी तू विचारलंस, तेव्हा मी माझ्याच वर्गाविषयी बोलले."

मला विचारायचे होते, की त्या वर्गात न बोलणारी मुलगी कोण होती. कॉफी संपेपर्यंत तो प्रश्न माझ्या जिभेवर होता; मी विचारला नाही.