गोदावरीबाईंचं स्वस्तातलं मँडोलिन

गोदावरीबाई पोतनीस महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पुढे यंत्रं आपोआप नंबर जोडायला लागली आणि ऑपरेटरांना खुर्चीत बसून एकमेकींची विणकामं बघण्यापलीकडे काम उरलं नाही. स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा बाईंचा अर्ज पहिला गेला. घरी यजमान शरच्चंद्र, कोर्टात नाझर. मुलगा ओजस पुण्याला नोकरीत. आता वेळ कसा घालवणार, असं आळीतल्या बायका विचारत. बाई सांगत, "मँडोलिन सुरू करणार आहे." ते औषध असावं असं वाटून दोघीतिघींनी त्यांना तब्येतीला जपायला सांगितलं.

या मँडोलिनची सुरुवात पोलादपूरला झाली होती. भाचीच्या लग्नात मुंबईचा ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या एका वादकाला भूक लागली आणि जवळ बसलेल्या गोदावरीबाईंच्या मांडीवर त्याने आपलं मँडोलिन ठेवलं. "जरा सांभाळता का, जेवून येतो," एवढंच तो म्हणाला. तो जेवला, मग पान खायला गेला, मग कुणाशी तरी बोलत उभा राहिला. बाईंनी तारेला बोट लावलं नाही आणि वाद्य खालीही ठेवलं नाही. शेवटची पंगत उठली. घरी परतताना एसटीत त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. शरच्चंद्रांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुझं श्रीखंड चुकलं."

त्यानंतर बरीच वर्षं हा विषय निघाला नाही. निवृत्तीनंतर, दोन हजार सात साली, बाई बाजारपेठेतल्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. तिथे पेट्या होत्या, ढोलक्या होत्या. मँडोलिन नव्हतं. दुकानदाराने बुलबुलतरंग पुढे ठेवला आणि हेही तेच आहे, फक्त टाइपरायटरसारखं वाजवायचं, असं सांगितलं. बाईंनी एक्स्चेंजमध्ये पुष्कळ बटणं दाबली होती. त्या बाहेर पडल्या आणि एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत शिरल्या.

कॅफे हाजराचा होता. तिचा नवरा इरशाद सौदीत दम्मामला नोकरीला होता आणि सासरे मुनाफभाई हायवेला ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. कॉलेजची पोरं निकाल बघून गेली की कॅफेत हाजरा एकटीच असायची. तिने बाईंना शेजारी बसवलं आणि इंटरनेटवर मँडोलिनं काढून दाखवली. बाईंनी त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडलं. फोटोत ते तांबूस, चकचकीत दिसत होतं आणि खाली नवशिक्यांसाठी उत्तम असं लिहिलं होतं.

"काकू, जे कुणालाच उपयोगाचं नाय, त्याखाली तसं लिहितात," हाजरा म्हणाली. "मी शिलाई मशीन तसंच घेतलं होतं."

बाई म्हणाल्या की आपण नवशिक्याच आहोत. हाजराने इरशादच्या कार्डावर ऑर्डर टाकली.

खोकं आलं तेव्हा शरच्चंद्र घरीच होते. आत मँडोलिन होतं, तारा वेगळ्या पुडीत होत्या, आणि ज्या लाकडी पट्टीवर तारा टेकतात ती घोडी सुटीच पडली होती. वाद्याला वार्निशचा एवढा वास होता की दोन दिवस ते मागच्या पडवीत ठेवावं लागलं. फोटोतला तांबूस रंग पुढून होता. मागून ते फिकट होतं, आणि बाई घाम पुसून त्याला हात लावत तेव्हा तांबूस रंग त्यांच्या हाताला लागे.

शिकवणारं कुणी नव्हतं. हाजराने नेटवरून काही पानं छापून दिली, त्यावरून बाईंनी तारा चढवल्या. सुरासाठी त्यांनी टेलिफोन वापरला. रिसीव्हर उचलला की येणारा तो घरघरता आवाज त्यांनी उभ्या नोकरीत ऐकला होता, त्यालाच त्यांनी षड्ज धरलं. जास्त वेळ उचलून ठेवलं की टूं टूं सुरू होई. मग ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा. खुंट्या ढिल्या होत्या. आठवी तार लागेपर्यंत पहिली उतरलेली असे. त्या तासात कुणी फोन केला तर पोतनीसांकडे लाइन एंगेज लागे. ओजसला वाटलं, आईबाबांचं कुणाशी तरी भांडण चाललंय.

बाई वाजवायला बसल्या की शरच्चंद्र आपली खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन पडवीत जात. एकदा फक्त म्हणाले की आवाज लहान आहे, हे एक बरं आहे.

पावसाळा लागला आणि महाडची दमट हवा वाद्यात शिरली. श्रावणात एके सकाळी बाईंनी ते उचललं, तर पाठ एका बाजूने उकलून करंजीसारखी उघडी पडली होती. त्यांनी ते साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलं आणि हाजराकडे नेलं. हाजरा त्यांना सासऱ्यांकडे घेऊन गेली.

मुनाफभाईंनी वाद्य उलटसुलट केलं, नखाने टोकरलं.

"बाई, हे लाकूड नाय," ते म्हणाले. "आंब्याच्या पेटीला पण याच्यापेक्षा बरं फळकूट असतं. पण बघू."

त्यांनी पाठ चिकटवली आणि वर ट्रकचा जॅक दाबून ठेवला. पावसात चिकटायला वेळ लागेल, असं सांगून बाईंना परत पाठवलं. ते दिवस बाईंना घरात काही सुचेना. एका संध्याकाळी शरच्चंद्रांनी खुर्ची पडवीत नेली नाही, पुढच्याच खोलीत बसून राहिले. वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. मग म्हणाले, "किती दिवस ठेवून घेणार आहे तो?"

बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. पाठ पक्की बसली होती. पण मुनाफभाईंना घोडी सुटी आहे हे पटलं नव्हतं. सुटं काही असलं की रस्त्यात पडतं, असा त्यांचा ट्रकचा अनुभव. त्यांनी डोळ्याने सरळ दिसेल तिथे ती ठेवून दोन बारीक स्क्रू मारले होते. घोडी सुटीच असते, तीच मागेपुढे सरकवून सूर जमवायचा, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनाही नव्हतं.

मुनाफभाई म्हणाले, "आता वाजवा. नायतर दुरुस्त झालं की नाय, मला कसं कळणार?"

बाईंनी आजवर कुणासमोर वाजवलं नव्हतं. त्या अर्ध्या बांधलेल्या बॉडीच्या फळीवर बसल्या आणि आईची एक ओवी वाजवली. कामगारांनी रंधा थांबवला. घोडी जरा मागे बसल्याने दांडीच्या वरच्या पडद्यांवर, म्हणजे जिथे तार दाबायची त्या पट्ट्यांवर, सूर खाली राहत होता, म्हणून बाई तिथे तार बोटाने ओढून तो वर आणत होत्या. ओवी संपल्यावर मुनाफभाईंनी वाकून पाठ तपासली आणि चिकटलंय असं सांगितलं. पैसे घेतले नाहीत. घरी जाताना बाईंना फार बरं वाटत होतं आणि हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं.

दोन वर्षं मँडोलिन असंच चाललं. रंग जवळजवळ सगळा गेला. मग ओजसने पुण्याहून एक चांगलं, महागाचं मँडोलिन आणलं. त्याच्या खुंट्या सरकत नव्हत्या आणि सगळे पडदे खरे बोलत होते. बाईंनी ओवी सुरू केली, आणि पाचव्या पडद्यापुढे प्रत्येक सूर वर गेला. बोटं सवयीने तार ओढत होती, आणि इथे ओढायचं कारणच नव्हतं. महिनाभर त्यांनी प्रयत्न केला. शेवटी ओजसला फोन करून सांगितलं की वाद्यात काही दोष नाही, दोष बोटांत आहे आणि तो आता जाणार नाही.

नवं वाद्य त्यांनी हाजराला दिलं. घरोघरी इंटरनेट आल्यापासून कॅफे रिकामाच असायचा. हाजरा आधी नको म्हणाली, मग रोज दुपारी शिकायला येऊ लागली. तिची बोटं सरळ पडत. बाई तार ओढून त्याच सुराला पोचत. दोघी एकत्र वाजवू लागल्या तेव्हा शरच्चंद्र हाजराला म्हणाले, "तू जरा दमानं घे, तिला वाट लांबची आहे."

एका पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला आणि भोरला निघालेला एक ड्रायव्हर मुनाफभाईंच्या शेडमध्ये दुपारभर अडकून पडला. तिथे दोघी वाजवत होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यातलं भारीतलं कोणतं. हाजराने आपलं दाखवलं.

"तरीच," तो म्हणाला. "त्याला मेहनत कमी लागत्येय."

बाईंनी मान डोलावली आणि खुंट्या पिळून उतरलेल्या तारा पुन्हा लावायला घेतल्या.