दोन होळ्या

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. आज बोलतोय, कारण लपवण्याचाही शेवटी कंटाळा येतो हो.

मी मूळचा सारंगखेड्याचा, तापीकाठचा. नोकरी मात्र सगळी मोलगीकडच्या डोंगरात, मास्तर म्हणून. आमच्या रजिस्टरात एक गंमत होती — जवळजवळ सगळ्या पोरांचा जन्म एक जूनचा! पालकांना तारीख ठाऊक नसायची, मग आम्हीच लिहायचो. पाड्यावरचा दामज्या आपल्या लेकीला, वंतीला, शाळेत घालायला आला, तेव्हा त्याने चार बोटं दाखवली. चार होळ्या. तिकडे वय होळीवरच मोजतात. पण पहिलीला सहा वर्षं लागतात, आणि मला पट भरायचा होता. मी दोन वर्षं वाढवून लिहिली. कुणाचं काय बिघडणार होतं?

पुढे मोबाइल आले. पाड्यावरची पोरं परदेशातले फुटबॉलचे सामने बघायला लागली. मोलगीच्या बाजारात परदेशी क्लबांच्या जर्सी टांगलेल्या दिसू लागल्या. वंती अनवाणी खेळायची — आणि काय खेळायची! तेराव्या वर्षी तिची निवड झाली. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ, स्पर्धा थेट स्पेनला. नंदुरबारही एकदाच पाहिलेली पोर विमानात बसणार होती. पाड्यावर ढोल वाजले. मीही नाचलो — खरंच नाचलो.

पासपोर्टसाठी शाळेचा दाखला काढला, तर त्यावर वय पंधरा. संघाचे साहेब शाळेत आले. दामज्याने त्यांना बोटांवर तेरा होळ्या मोजून दाखवल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं — चूक माझी आहे. पण रजिस्टर उघडलं तर अशी किती नावं निघतील? चौकशी लागेल... निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. मी म्हणालो, "बापाने सांगितलं तेच लिहिलंय."

खोटं बोललो. घाबरून — पण अगदी शांत आवाजात. साहेबांनी दामज्याला सगळ्यांदेखत वय चोरणारा म्हटलं. वंतीचं नाव कापलं गेलं.

मला वाटलं, आता दामज्या माझी गचांडी धरेल. तो मात्र पुन्हा बोटं मोजू लागला. मोजता मोजता थांबला.

"गुरुजी, तुम्ही लिहिलं ते खरंच असेल," तो म्हणाला. "मीच दोन होळ्या विसरला असेल."

वंती तिथेच उभी होती. ती रागाने बघत होती — बापाकडे. माझ्याकडे नाही.

आता ती लग्न होऊन गुजरातेत ऊसतोडीला जाते. बाजारात दिसली तर माझ्या पाया पडते, आणि मी पडू देतो. बापाशी ती अजून धड बोलत नाही.

दामज्या दर होळीला मला आठवणीने बोलावतो. मी जातो. तो शेजारी बसवून घेतो आणि दरवर्षी न चुकता विचारतो, "गुरुजी, आपली वंती आता किती वर्षांची झाली?"

मी कागदावरचं वय सांगतो.