मूठराणी आणि बटणांचे डबे

आमची आत्या वीस वर्षं शिलाई मशीनवर वाकली आणि आता डोळ्यांनी न दिसणाऱ्या चिमुरड्यांना शिकवते. तिचा नियम एकच: मुलाचा हात ओढायचा नाही. आपला हात खाली घालायचा, मुलाचा वर बसवायचा, नि आपण काम करत राहायचं. "बैस माझ्या हातावर, फिरून ये," ती म्हणते, तोंडात टाचण्या धरल्यासारखी. टाचण्या सुटून सात वर्षं झाली, आवाज काही सुटला नाही.

मग वर्गात आली मूठराणी. वय वर्षं चार, दोन्ही मुठी घट्ट. तिचे बाबा प्रेमळ, पण मनगट धरून प्रत्येक वस्तूवर दाबायचे. "हे बघ, बेटा, मऊऽऽ! हे बघ, खरखरीऽऽत!" अगदी स्टेशनवरची घोषणा. मूठ आणखी घट्ट.

शुक्रवारी मोठ्या शाळेच्या बाई येणार होत्या. मुलगी हातांनी काही शोधते असं दिसलं तरच प्रवेश, नाहीतर अख्खं वर्ष घरी.

गुरुवारी मी मदत म्हणून आत्याचे बटणांचे डबे आवरले. लाल एकात, निळी दुसऱ्यात. देखणं काम!

शुक्रवारी बाईंसमोर आत्याने डब्यात बोटं घातली आणि थबकली. दोन भोकांची, चार भोकांची, मागे कडी असलेली, सगळा काला.

"हे कुणाचे प्रताप?"

"अगं, रंगाप्रमाणे लावली..."

"रंग! इथे रंग बघायला कोण बसलंय, तुझा काका?"

बाबा मुलीच्या मनगटाकडे झेपावले. आत्याने डोळे वटारले, ते बसले. तिने डबा मांडीवर घेतला, मुठीखाली हात सरकवला आणि कुरकुरत निवडायला लागली. "ही दोन भोकांची, या वाटीत. ही कडीवाली, चल तिकडे." मूठ वर स्वार. बऱ्याच वेळाने एक बोट सुटलं. मग दुसरं. ती बोटं आत्याच्या बोटांवरून घसरून बटणांवर उतरली.

आत्याने चार भोकांचं बटण दोनवाल्यांत टाकलं. (मुद्दाम, असं ती म्हणते. मला शंका आहे.)

छोट्या हाताने वाटी चाचपली, बटण उचललं नि जमिनीवर भिरकावलं. "हे नाही!"

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "हं. सोमवारपासून पाठवा."

बाबा टेबलाखाली शिरले आणि बटण घेऊन वर आले. "लाल आहे. कुठे टाकू?"

मूठराणीने तळहात पसरला. "आण इकडे. तुला नाही कळायचं."