सभा आमच्या वाडीत ठरली आहे, तरी यावे

साऱ्या जगातल्या लोकांची सभा कुठं भरवायची, हे गावदेवीला कौल लावून ठरवणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. त्यामुळं लिहिण्यात इकडचं तिकडं होईल. पण ज्याच्याविषयी लिहितोय तोही तेवढाच शिकलेला, तेव्हा त्याची तक्रार येणार नाही. आम्ही दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या. मी थोरलीचा, तो धाकटीचा. मी त्याला साडू म्हणतो, तो मला साडू म्हणतो, आणि दोघी बहिणी एकत्र आल्या की आम्हा दोघांनाही नुसतं ‘हे’ म्हणतात. त्यामुळं शिव्या नेमक्या कुणाला पडल्या ते उशिरा कळतं. माझं घर तुडीलला, सावित्रीच्या काठी. बसल्या जागी फोन लागतो. त्याची वाडी पोलादपुरावरून वर, कुडपणच्या अंगाला. तिथं वारा, नाचणी आणि पाहुणचार भरपूर. रेंज मात्र एकाच जागी. देवीच्या राईत एक चपटा कातळ आहे, त्याच्यावर उभं राहिलं तर येते. बसलं तर जाते.

फोन आला की साडू डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरतो, कारण पलीकडं कोण मोठा माणूस असेल ते सांगता येत नाही. दुपारी जेवल्यावर फोन बंद करून उशाशी ठेवतो. विचारलं तर म्हणतो, “त्याला पण जरा पडू दे.” तळीयेवर दरड आली त्या पावसात माझी बायको दोन दिवस बहिणीला फोन लावत बसली होती. लागेना. घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी साडूचाच आला, भर पावसात कातळावरून. “आम्ही हाय. अक्कांना सांग, भाताचं रोप पण हाय. ठेवतो, टोपी भिजतेय.” एवढंच. तसल्या पावसातही त्यानं टोपी काढून बगलेत धरली होती, आणि माझी बायको तासभर रडली.

त्याचा धंदा दगडाचा. डोंगरउतारावरच्या शेतांना सुक्या दगडांचे बांध रचायचे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. त्यानं रचलेला बांध अजून कुठल्या पावसानं हलवलेला नाही. त्यामुळं जगातल्या कुठल्याही भिंतीशी आपला काही संबंध आहे असं त्याला वाटतं. माझ्या मुलीच्या लग्नात महाडच्या कार्यालयात मुहूर्त तोंडावर असताना हा एका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करत उभा, आणि वरपक्षाच्या म्हाताऱ्यांना सांगतोय, “मंडळी, हितनं जरा सरकून बसा. हा खांब पोकळ बोलतोय.” चार म्हातारे उठून उन्हात जाऊन बसले. वरपक्षाचा राग काढायला मला पुढं दोन दिवाळसण लागले. खांब अजून उभा आहे. “उभा हाय, पण पोकळ हाय,” साडू म्हणतो.

पन्नास वर्षं दगड उचलून त्याच्या बोटांची कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली. अंगठ्यावर एक रेघ नाही. आता रेशन घ्यायचं तर मशीनवर अंगठा द्यावा लागतो, आणि वाडीत रेंज नसल्यामुळं दुकानदार मशीन घेऊन देवीच्या राईत येतो. सगळी वाडी कातळापाशी रांग लावते, एकेक जण कातळावर चढतो, अंगठा देतो, मग खाली दुकानात जाऊन तांदूळ घेतो. साडूचा अंगठा मशीननं ओळखला नाही. त्यानं तो धोतराला पुसला, तोंडात घालून ओला केला, पुन्हा दिला. नाही. “अहो, मीच हाय,” तो मशीनला म्हणाला. मशीनलाही तो अहोजाहोच करतो.

दुकानदार म्हणाला, “आबा, मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा.” तर तो नंबर जायचा साडूच्या जुन्या मोबाईलवर, आणि तो जुना मोबाईल नंबर कंपनीनं परस्पर दुसऱ्या कुणा परक्याला देऊन टाकला होता. साडूनं त्या परक्यालाही फोन लावला, टोपी काढून. तिकडचा माणूस हिंदीत ओरडला, “बाबा, ओटीपी किसी को नहीं बताते!” साडूला ते पटलं. “माणूस सावध हाय,” म्हणाला. असं काही महिने चाललं आणि एक दिवस कार्डावरनं त्याचं नावच गेलं. धाकटीचं राहिलं, त्याचं गेलं. तो पोलादपूरच्या कचेरीत गेला. तिथं सांगितलं, महाडला जा. महाडला सांगितलं, ही यादी आमच्या हातात नाही, वरनं येते. “वरनं म्हंजे कुठनं? मी वरनंच आलोय,” हा म्हणाला. हसले सगळे. काम झालं नाही.

तांदळाचं एवढं नव्हतं. धाकटीला आम्ही देत होतो, बहिणीकडनं बहिणीला. त्यात साडूला बोलायला जागा नव्हती. त्याला नाव परत पाहिजे होतं. ज्या वाडीचे सगळे बांध आपण घातले, त्या वाडीच्या यादीत आपण नाही, हे त्याला गिळता येईना. “कुणीतरी एकदा वर यावं,” तो सारखा म्हणायचा, “आणि माझा अंगठा हातात धरून बघावा. मशीन नाय. माणूस.”

त्याच्या मुलीची मुलगी पुण्याला एका संस्थेत नोकरी करते. तिनं एकदा फोनवर सांगितलं, की डिजिटल हक्क म्हणून काही असतात, त्यांची देशोदेशींच्या लोकांची परिषद भरते, आणि पुढची कुठं भरवायची ते ठरायचं आहे. जागा सुचवायला लोकांना सांगितलंय. तिनं ते सहज सांगितलं. साडू कातळावरनं उतरला तो वेगळाच माणूस होऊन. मला मुद्दाम वर बोलावून घेतलं. मी विचारलं, “कसले रे हे हक्क?” तो म्हणाला, “मशीन नाय म्हणालं तर माणसानं कुणाकडं जायचं, तो हक्क.” मी आजवर बरीच भाषणं ऐकली, टाळ्याही वाजवल्या, पण एवढं सरळ कुणी सांगितलं नाही. म्हणाला, “मग ही सभा जिथं तो हक्क नाय तिथं भरवायला पायजे. नायतर डॉक्टरांनी धट्ट्याकट्ट्यांच्या घरी जमण्यासारखं हाय.”

आता आमच्या भागात गावकीला विचारल्याशिवाय आणि देवीचा कौल घेतल्याशिवाय गावात काही ठरत नाही, मग ते पालखीचं असो की विहिरीचं. साडूनं गावकी बसवली. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, “सभा कसली ते नीट सांगा, देवीला कळलं पायजे.” साडूनं गाऱ्हाणं घातलं. मागून कुणीतरी विचारलं, “परदेशी बाया येतील त्या राईत चपला काढतील काय?” दुसरा म्हणाला, “तुझी तरी बायको काढते काय?” त्या गोंधळात उजवी पाकळी पडली. टपकन. उजवा कौल म्हणजे देवीचं हो.

इथं आमच्या लोकांची चूक झाली, आणि ती आमच्याच लोकांची होऊ शकते. त्यांनी धरलं, की सभा ठरली. पुण्या-दिल्लीला कुठली समिती बसायचीय, तिच्याकडं जगभरातनं अर्ज यायचेत, हे कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. देवीनं हो म्हटल्यावर समिती कोण? वाट साफ झाली. लावणी-झोडणी सोडून दिवस बघितले. कुठल्या घरी किती पाहुणे, ते साडूनं दारोदार खडूनं लिहिलं. स्वतःच्या दारावर लिहिलं, ‘परदेशी, दोन’. धाकटीनं दोन नव्या गोधड्या शिवल्या. आणि साडूनं समितीला अर्ज लिहिला तो आम्हाला येतो तसाच, म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखा: श्रीदेवीच्या कृपेनं डिजिटल हक्कांची सभा आमच्या वाडीत ठरली आहे, तरी आपण सहकुटुंब यावे. नातीनं तो इंग्रजीत करून पाठवला. ती म्हणाली, “आबा, मी एक अक्षर बदललं नाय.” बरं केलं तिनं.

आणि नवल म्हणजे समितीतली एक बाई खरंच आली. दिल्लीची, केस पिकलेली, साडूच्या नातीला बरोबर घेऊन. दुपारी वर पोचली, घामाघूम, पण तोंड हसरं. कातळावर बसून फोन बघायला लागली, तर वाडीतल्या बायका ओरडल्या, “उभ्या रावा, उभ्या!” ती उभी राहिली आणि रेंज आली. तिनं टाळी वाजवली. जेवली व्यवस्थित. मग साडू तिच्यासमोर गेला, टोपी बगलेत धरली आणि अंगठा पुढं केला. “बघा.”

तिनं बघितला. खरंच दोन्ही हातांत धरून बघितला, उजेडाकडं करून. मी तिथं होतो. मग हळूच विचारलं, फोटो काढू का? नातीनं मराठीत सांगितलं. साडू हो म्हणाला. पण नुसतं तोंडी हो चालत नाही म्हणे, त्याचीही नोंद लागते, तो माणसाचा हक्क असतो. बाईनं एक मोठा काचेचा मोबाईल पुढं धरला: इथं बोट टेकवा. साडूनं टेकवलं. काच ढिम्म. पुन्हा टेकवलं. सगळे हसले, बाईपण हसली, मीही हसलो. साडू हसला नाही. मग नातीनं त्याचं बोट बाजूला करून आपलं टेकवलं, आणि तोंड फिरवून घडी घातलेल्याच गोधड्या सारख्या करत बसली.

जाताना बाई एक कागद ठेवून गेली, त्यात प्रश्न होते. नात वाचत होती, साडू उत्तरं सांगत होता. सभेच्या जागी इंटरनेट आहे का? “नाय,” साडू म्हणाला, “म्हणूनच तर.” मी म्हणालो, “लिही, हाय म्हणून. कातळावर हाय ना? एकदा येऊ देत त्यांना, मग बघू.” तो म्हणाला, “हक्काच्या सभेला खोटं सांगून बोलवू?” मी म्हणालो, “मग बस तुझ्या खऱ्याला चाटत.” एकातनं दुसरं निघत गेलं. शेवटी माझ्या तोंडातनं गेलं, “तुझा अंगठा मेलाय साडू, आता अक्कल पण गेली.” त्यानं टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, “एसटी चुकेल तुझी.”

शिमग्यापासून गौरी-गणपतीपर्यंत आम्ही बोललो नाही. मी बोलणार नव्हतोच, आमच्या घराण्यात ती पद्धत नाही.

मधल्या काळात निकाल लागला. सभा दूरदेशी एका शहरात, समुद्राच्या काठच्या मोठ्या हॉटेलात ठरली. पत्रात कारण फार नम्रपणे दिलं होतं: तुमचा अर्ज आमच्या कायम लक्षात राहील, पण जागेवर इंटरनेटची सोय हवी, आणि सर्वांना पोचता यायला हवं. माझं बरोबर ठरलं. एवढं कडू बरोबर मी आयुष्यात चाखलं नाही.

गौरीला नात आली ती थेट माझ्याकडं, तुडीलला. मोबाईल पुढं केला. “मोठे आबा, हे बघा.” सभा पार पडली होती, त्या हॉटेलातला फोटो होता. भिंतीवर अंगठा, दरवाजाएवढा. गुळगुळीत, कडेला नखाखाली जन्माची माती. त्याच्यासमोर माणसं कॉफी पीत उभी. खाली इंग्रजीत एक ओळ. मी विचारलं, “काय लिवलंय?” ती म्हणाली, “एक वयोवृद्ध शेतकरी, पश्चिम भारत.” मी म्हणालो, “आणि नाव?” ती म्हणाली, “नाव देत नाहीत. ते झाकून ठेवणं हेपण त्यांचा हक्क जपणंच असतं.” मी म्हणालो, “पोरी, ते आधीच झाकलंय. पोलादपुरात झाकलं, महाडात झाकलं. उघडायला कुणी हाय काय तुमच्यात?” तिचा काय दोष? मी उगाच तिच्यावर ओरडलो, आणि ती गेल्यावर महाडला एसटी बदलून वर गेलो.

रेशनचा दिवस होता. सगळे राईत. साडू रांगेत उभा होता. यादीत नाव नाही, तरी उभा. मी त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. त्यानं वळून बघितलं नाही, म्हणाला, “तुझं रेशन तुडीलला.” मी म्हणालो, “माहीत हाय.” त्याची पाळी आली. तो कातळावर चढला, धोतराला अंगठा पुसला, दिला. मशीन नाही म्हणालं. दुकानदारानं मान खाली घातली. साडू शांतपणे उतरला. “येतो मी दर महिन्याला,” म्हणाला. “सवय मोडू नये. मशीनची.”

घरी गेलो. धाकटीनं काही न विचारता पाहुण्यांची नवी गोधडी अंथरली. घडी मोडलेली नव्हती अजून. दारावर खडूचं ‘परदेशी, दोन’ तसंच होतं. वळचणीखाली पाऊस पोचत नाही. मला ते बघवेना. पोतेरं घेऊन उठलो. साडू आतनं म्हणाला, “ऱ्हाऊ दे.”

“आता कशाला रे?”

“कौल उजवा हाय, साडू. देवीनं तारीख तेवढी सांगितली नाय.”

मी पोतेरं खाली ठेवलं. त्यानं पान लावून माझ्यापुढं केलं, त्याच अंगठ्यानं चुना फासून. मी ते घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याचा अंगठा हातात धरून नीट बघितला. रेघ नव्हती खरी. पण मला कुणी डोळे बांधून शंभर अंगठे हातात दिले असते, तरी हा मी ओळखला असता.