परबची गाडी आणि आम्ही तिघं

ऑफिसात एखादा गाडी घेणार असं नुसतं कळलं, की घेणारा बाजूला राहतो आणि बाकीचेच ती चालवायला लागतात. आमच्या परबने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा असंच झालं. ती गाडी यायच्या आधीच तिच्यावर इतके किस्से जमले, की अजून आम्ही कुणी भेटलो तर चहा निवतो आणि किस्से संपत नाहीत.

आम्ही मरोळला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. डबा खायला चौघं एका टेबलावर: स्टोअर्सचा परब, ड्रॉइंग ऑफिसचा फाटक, टायपिंगची लोर्ना आणि मी. परब मूळचा मालवणकडचा, शांत माणूस. त्याने काही वर्षांपूर्वी नव्या छोट्या गाडीसाठी नाव नोंदवलं होतं आणि तो ते विसरूनही गेला होता. एके दिवशी त्याला कळवण्यात आलं की तुमचा नंबर लागलाय, घेताय की सोडताय ते महिन्याभरात सांगा.

तेव्हा घेण्यासारख्या गाड्या तरी किती होत्या? काळ्या-पिवळ्या टॅक्सीचीच बहीण, फक्त घरगुती रंगातली. सरकारी अधिकाऱ्यांची गोल पाठीची, दणकट, पांढरी. आणि ही नवी. आम्ही आपली सोयीची नावं पाडली होती: टॅक्सी, साहेब आणि डबी. डबीचा नंबर दुसऱ्याला देऊन वर चार पैसे मिळवावेत आणि जुनी टॅक्सी किंवा साहेब घ्यावा, की डबीच घ्यावी, असा प्रश्न होता. परबने तो फक्त आमच्या कानावर घातला होता. आम्ही तो हातात घेतला.

*

फाटककडे गाडी नव्हती, लायसन्स नव्हतं, सायकलसुद्धा त्याने कॉलेजात सोडली होती. पण मतं तयार होती. त्याचं म्हणणं, गाडीत बघायचा तो पत्रा. इंजिन काय, बदलता येतं. पत्रा जन्माचा. म्हणून तो रस्त्याने जाताना उभ्या गाड्यांवर बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायचा. टॅक्सी ‘टण्ण’ वाजते, साहेब ‘धप्प’ वाजतो आणि डबी पापडासारखी वाजते, असा त्याचा निष्कर्ष होता.

आमच्या जनरल मॅनेजरांनी नुकतीच डबी घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत ती गेटपाशी उभी दिसली. फाटक परबला घेऊन गेला आणि ‘ऐक हं’ म्हणून त्याने मागच्या दारावर टकटक केली. समाधान झालं नाही म्हणून परत केली, जरा जोरात.

काच खाली झाली. आत जीएम पेपर वाचत बसले होते.

“उघडंच आहे,” ते म्हणाले. “या ना.”

फाटक आत जाऊन बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. जीएम पार्ल्याला निघाले होते, त्यांनी याला तिथपर्यंत नेलं. परत यायचं बसचं भाडं फाटकने स्वतः भरलं आणि त्या दिवसापासून पत्र्याचा विषय टेबलावर निघाला नाही.

*

मग लोर्नाने तिच्या मामाची गाडी सुचवली. मामा मनोरीला राहायचा. त्याच्याकडे टॅक्सीची घरगुती बहीण होती, फिकट निळी, पहिल्यापासून एकाच हातातली. मामाला आता तिचा उपयोग नव्हता, तो विकेल असं लोर्नाला वाटत होतं.

आम्ही चौघं रविवारी मार्व्याहून होडीने पलीकडे गेलो. गाडी मामाच्या अंगणात चिंचेखाली उभी होती, अंगावर जुनी बेडशीट पांघरून. मामाने ती इतक्या हळूच काढली, जणू आत कुणी झोपलंय. मग त्याने आम्हांला बसवून गाडी चर्चपर्यंत नेली आणि परत आणली, चालत्या माणसाच्या वेगाने. वाटेत भेटेल त्याला हात करत होता, दोघांसाठी तर थांबून बोलला. घरी आल्यावर सुरमई तळली, भात वाढला, आणि मग परबला प्रश्न विचारायला लागला. गाडी कुठे उभी करणार? चारकोपला, दारात. सावली आहे? नाही, वसाहत नवी आहे, झाडं अजून गुडघ्याएवढीच आहेत. पुसणार कोण? परब म्हणाला, मीच.

मामाने परबच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली. मग विचारलं, “गाडी कशी वाटली?”

परब मनापासून म्हणाला, “एकदम झकास आहे.”

“बेस हाय ना?” मामा म्हणाला. “मंग मी कशाला इकू?”

येताना होडीत आमच्याकडे सुक्या बोंबलाची पिशवी होती. लोर्ना मार्व्याला उतरेपर्यंत आमच्याकडे बघत नव्हती.

*

गाडी हवी कशाला, हे परबने आम्हांला कधी सांगितलं नव्हतं. ते आम्हांला चारकोपला त्याच्या घरी गेल्यावर कळलं.

घरात तो, बायको सुनंदा आणि त्याचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्यांचा जन्म गिरणीत गेला, लूमखात्यात. आता गुडघे गेले होते. चारकोपचे सेक्टर तेव्हा नुकते वसत होते, आतले रस्ते कच्चे, रिक्षावाले नाक्यावरूनच नाही म्हणायचे. मागे एकदा तात्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं तर दोघा शेजाऱ्यांनी त्यांना उचलून नाक्यापर्यंत नेलं. सगळी लाइन दारात येऊन बघत होती. घरी आल्यावर तात्यांनी सांगितलं, की यापुढे मी माझ्या पायाने गेलो तर जाईन. त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. वर्ष होत आलं होतं.

तेव्हा गाडी कुठली, याचा अर्थ असा होता, की तात्यांना कुणाचा हात न लागता कुठल्या गाडीत बसता येईल. आमच्यापैकी एकानेही, मायलेज आणि पिकअपबद्दल तास तास बोलताना, हा विचार केला नव्हता. फाटकने चष्मा काढून पुसला.

परबने दोन गाड्या मागून आणल्या होत्या. कोपऱ्यावरच्या कॉन्ट्रॅक्टरचा साहेब, आणि पुढच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांची डबी. तात्या काठी टेकत बाहेर आले. साहेबाचं दार मोठं, सीट उंच. त्यांनी दाराला धरलं, वाकले आणि बसले. बसल्यावर असे ऐसपैस बसले, की कॉन्ट्रॅक्टरला पुढे कामावर जायचंय हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

डबी बुटकी. तात्यांनी आधी पाय आत घातला आणि तो तिथेच अडकला, ना आत ना बाहेर. परब धरायला पुढे झाला तर त्यांनी काठी उगारली. मग सुनंदा आली. ती म्हणाली, तात्या, पाय बाहेर काढा, पाठमोरे व्हा, आधी टेका आणि मग पाय आत घ्या. तिने स्वतः करून दाखवलं.

तात्या म्हणाले, “असा नव्या नवरेक बसवतत.”

पण बसले. मग म्हणाले, चालू कर बघू. डॉक्टर म्हणाले, चालूच आहे. तात्यांचा विश्वास बसेना. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, इतकं हळू चालणारं यंत्र त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी काच खाली करून हात बाहेर काढला, दाराच्या पत्र्यावर ठेवला आणि थरथर लागल्यावर मान डोलावली.

त्या संध्याकाळी परतताना आम्हां तिघांचं मत एकच होतं. साहेब. दणकट, उंच, म्हाताऱ्या माणसाला सोयीचा.

*

आता चालवणार कोण?

परबने मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं, सुनंदानेही. परीक्षा दोघांनी एकाच दिवशी दिली. परब अतिशय सभ्य माणूस. परीक्षेत त्याने एका बाईला रस्ता ओलांडू दिला. तिच्यामागून येणाऱ्या आजोबांना जाऊ दिलं. मग भाजीची हातगाडी. मग एक कुत्रा, जो नुसताच उभा होता. इन्स्पेक्टर शेजारी बसून बघत होता.

“परब,” तो शेवटी म्हणाला, “माणूस म्हणून तुम्ही पास आहात. ड्रायव्हर म्हणून परत या.”

सुनंदा पहिल्या फटक्यात पास झाली. पण ती पाच फुटांपेक्षाही कमी. स्कूलची गाडी म्हणजे जुनी टॅक्सीच, गिअर स्टिअरिंगला. सुनंदा एक उशी खाली आणि एक पाठीला घेऊन बसायची. मी एकदा तिला कांदिवलीच्या रस्त्यावर येताना पाहिलं. काचेतून फक्त अंबाडा दिसत होता. शेजारून जाणारा सायकलवाला उतरून उभा राहिला होता.

*

महिना संपत आला, तेव्हा निर्णयासाठी परबने आम्हांला परत घरी बोलावलं. फाटकने साहेबाच्या बाजूने चांगलं अर्धा तास भाषण केलं. पार्ट कुठेही मिळतात, खड्ड्यांना जुमानत नाही, तात्यांना चढता येतं. लोर्नाने आणि मी मान डोलावली. परबलाही पटलं होतं.

सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा परबने तिला विचारलं. तिने कॉन्ट्रॅक्टरच्या साहेबात एकदा बसून पाहिलं होतं. क्लच दाबायला तिला सीटवरून जवळजवळ उतरावं लागत होतं, आणि उतरलं की समोरचं दिसत नव्हतं. डबी तिला जमली होती. पण ती म्हणाली, तात्यांना सोयीची असेल ती घ्या, मी करीन सवय.

तात्या आतल्या खोलीत पडून होते. आम्हांला वाटलं झोपलेत.

“डबी घेवा,” ते आतून म्हणाले.

परब उठून दारात गेला. म्हणाला, तात्या, तुम्हांला त्यात बसताना त्रास होतो.

“मी उलटो बसान,” तात्या म्हणाले. “तिका रस्तो दिसाक व्हयो.”

फाटकने चहा संपवला आणि म्हणाला, डबीचंही ॲव्हरेज चांगलं आहे.

*

हा शेवटचा प्रसंग परबने सोमवारी डबा उघडायच्या आधीच सांगितला.

डबी आल्यानंतरचा पहिला रविवार. तात्यांना कुठे जायचं ते विचारलं. परबला वाटलं, जुहूला समुद्रावर म्हणतील. तात्या म्हणाले, मुलुंड. मुलुंडला कोण, हे परबला माहीत होतं. भिकाजी. भिकाजी आणि तात्या गिरणीत शेजारशेजारच्या लूमवर होते, एकाच खोलीत राहिले होते. गिरण्यांच्या संपात भिकाजी संप मोडून आधी कामावर गेला, तात्या गेले नाहीत. तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द नव्हता. भिकाजी मुलाकडे मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि त्याचीही तब्येत तशीच, हे कुणाकडून तरी कळलं होतं. इमारतीला लिफ्ट नव्हती.

सुनंदाने आरे कॉलनीतून, पवईवरून सावकाश गाडी नेली. इमारतीखाली उभी केली. तात्या वर चढू शकत नव्हते. ते मागे बसून राहिले, दार उघडं ठेवून, काठी बाहेर जमिनीवर टेकवून. परब वर जायला निघाला तर त्यांनी नको म्हटलं. सुनंदाला म्हणाले, हॉर्न मार.

तिने मारला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भिकाजी आला. कठडा धरून खाली बघत राहिला. तात्या मान वाकवून वर बघत राहिले. खालच्या मजल्यावरची बाई कपडे वाळत घालायची थांबली.

शेवटी भिकाजी वरून म्हणाला, “बारकी हा रे गाडी.”

“वयरसून सगळाच बारक्या दिसता,” तात्या ओरडले. “खाली ये, मगे सांग.”

गॅलरी रिकामी झाली. सुनंदा वर जाऊन आधार देते म्हणाली. तात्या म्हणाले, “नको. येयत तो.” मग ते सीटवर आत सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

जिन्यात, अगदी वर कुठेतरी, काठी टेकल्याचा आवाज आला.