लाल नाडीची चिंधी

गॅरेजात माझ्या मोठ्या दिरांना सगळे ‘थंडोबा’ म्हणत. एक तर भाऊजी चालण्याबोलण्यात संथ, त्यात कामही हवा गार करण्याचं. टर्बोच्या गाडीत हवा दाबून इंजिनात कोंबतात. दाबली की ती तापते. तिला वाटेतच गार करणारी ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजे इंटरकूलर, भाऊजी दुरुस्त करत.

“गार कशाला करायची पण?” मी एकदा विचारलं.

“अगं, तापलेली हवा म्हणजे रुसून बसलेला व्याही. जागा दोघांची अडवतो, कामाला शून्य! गार झाली की तेवढ्याच जागेत जास्त मावते. मग इंधन जास्त जळतं, गाडीला जोर येतो.”

वेल्डिंग करताना धातूचा कीस आत जाऊ नये म्हणून पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबायची आणि शेवटी काढायची, हे त्यांनी उभा जन्म केलं. एकदा ती आतच राहिली. गाडी चढावर धापा टाकू लागली. गॅरेजच्या मालकाने पाइप उघडून चिंधी ओढली, तेव्हा “ही कुणी ठेवली?” असं भाऊजींनीच विचारलं. सगळे हसले. पुन्हा तसंच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार.

“काम सुटलं तर हा माणूस खचेल गं,” जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मालकाला गळ घातली. आम्ही दोघींनी प्रत्येक चिंधीला हातभर लाल नाडी शिवली. बाहेर लोंबली की कुणाच्याही डोळ्यांत भरेल.

काही दिवस बरे गेले. मग मालाने भरलेला एक टेम्पो चढावर दम तुटून मागे घसरला, कठड्याला अडला म्हणून ड्रायव्हर वाचला. पाइपात चिंधी होती, नाडीसकट.

“लोंबत होती, बरं दिसेना,” भाऊजी म्हणाले, “म्हणून आत सारली.”

मालक भला माणूस. त्यांचा हात धरून म्हणाला, “मिस्त्री, आता घरी आराम करा.”

त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र कपडे घालून तयार. “डबा झाला का?” जाऊबाईंनी काय ते सांगितलं. भाऊजींचा चेहरा कालच्यासारखाच पडला. तिसऱ्या दिवशीही तेच.

आता जाऊबाई म्हणतात, “आज गॅरेज बंद आहे.” भाऊजी निमूट कपडे बदलतात.

“रोज कसं गं बंद असतं, एवढं एकदा तरी विचारावं ना त्यांनी,” जाऊबाई मला म्हणाल्या.